काळजी करणे आणि काळजी घेणे

पास्काचा सण झाला की धर्मग्रामातील घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही घरोघर जातो. सोबत पवित्र पाण्याचे भांडे धरणारा एखादा वेदीसेवक असतो. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोर कुटुंब गोळा होते, प्रार्थना होते, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडले जाते. मग घरधनीण चहा ठेवते. चहा येईपर्यंत बोलणे सणाचे असते. कप हाती आला की मात्र आवाज खाली येतो आणि त्या घराची खरी कहाणी सुरू होते.

एका घरचा मुलगा आखातात आहे आणि त्याचा करार पुढे वाढेल की नाही, कळत नाही. दुसऱ्या घरी मुलीचे लग्न जमत नाही. तिसऱ्या घरी तीन भावांत वाडीची वाटणी व्हायची आहे आणि बिल्डरचा माणूस रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन बसतो. चौथ्या घरच्या विहिरीचे पाणी खारट झाले आहे. केळी तग धरतील का, हा प्रश्न. पाचव्या घरी प्रशस्त बंगल्यात म्हातारा-म्हातारी दोघेच, मुले कॅनडात. शेवटच्या घटकेला कोण येणार, हे त्यांना विचारायचे असते, पण ते विचारीत नाहीत. आणि एका घरी सारे काही ठीक असते. त्या घरची आई म्हणते, ‘‘सगळं चांगलं चाललंय, फादर, म्हणूनच भीती वाटते.’’

या माणसांनी नुकताच पास्काच्या जागरणाला पेटती मेणबत्ती हाती धरून आलेलुयाचा घोष केलेला असतो. ती श्रद्धाहीन नाहीत. रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जपमाळ होते. तरीही पुनरुत्थित प्रभूचा आनंद मंदिराच्या पायऱ्या उतरून घरापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न त्या भेटींतून परतताना आम्हाला दरवर्षी छळतो.

प्रतिवर्षी, बहुधा जून महिन्यात, सामान्य काळाच्या अकराव्या आठवड्यातील शनिवारी मिस्सामध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचा शेवटचा भाग वाचला जातो. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांच्याकडे बोट दाखवून प्रभू येशू चिंता न करण्यास सांगतो, तो हा भाग. बाहेर नुकताच पाऊस लागलेला असतो, वाड्या हिरव्यागार झालेल्या असतात आणि ते वाचन कानाला फार गोड लागते. पण ते केवळ निसर्गाचे गोड वर्णन नाही. प्रभूसमोर बसलेले श्रोते कोण होते? गालीलातील शेतमजूर, कोळी, कारागीर. दिवसभर राबावे तेव्हा एक दीनार हाती पडायचा. वर रोमी सत्तेचे कर आणि मंदिराचा कर. कोणते वस्त्र नेसावे, हा त्यांचा प्रश्न नव्हता. नेसायला वस्त्र मिळेल का, हा होता. अशा माणसांना प्रभू रागे भरत नाही. तो त्यांना धीर देतो.

त्याने काय सांगितले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. उद्या संकट येणार नाही, असे तो म्हणाला नाही. उलट, प्रत्येक दिवसाला त्या दिवसाचे दुःख असतेच, हे त्याने गृहीत धरले. हात जोडून स्वस्थ बसा, असेही तो म्हणाला नाही. चिमणीकडे पाहावे. ती पहाटेपासून दाणा टिपते, काड्या वेचते, पिलांना भरवते. आपल्यापैकी पुष्कळांहून ती अधिक कष्टाळू आहे. फक्त कोठाराचे ओझे डोक्यावर घेऊन ती उडत नाही.

याच अध्यायात थोडे अगोदर प्रभूने शिष्यांना ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ ही प्रार्थना शिकवली आहे. तीत भाकर मागायची आहे ती आजची. उद्याची भाकर उद्या मागायची आहे. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांनाही परमेश्वराने हाच धडा दिला होता. रोज पहाटे मान्ना पडे. त्या दिवसापुरता गोळा करायचा. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवला, त्यांच्या भांड्यात सकाळी किडे पडले होते. चिंता म्हणजे असा साठवलेला मान्नाच होय. उद्याचे दुःख आज आणून ठेवावे, तर ते आजच कुजते आणि आजच्या अन्नालाही वास लागतो.

आता एक कबुली दिली पाहिजे. हे सारे आम्ही वेदीवरून कितीदा तरी सांगितले आहे आणि सांगून घरी येऊन रात्रभर जागे राहिलो आहोत.

२०१८ साली आमच्या धर्मग्रामाचे नवे सभागृह नुकतेच पूर्ण झाले होते. वर्गणी अपेक्षेपेक्षा कमी जमली, खर्च अंदाजापलीकडे गेला, कर्ज काढावे लागले. सह्या आमच्या होत्या. रात्री तीनच्या सुमारास जाग येई आणि अंधारात छताकडे पाहत आम्ही बेरजा-वजाबाक्या करीत बसू. उत्तर दर वेळी तेच येई. हळूहळू ते आकडे मिस्सातही आमच्यासोबत वेदीवर येऊ लागले. एके दिवशी लग्न ठरलेला एक तरुण काही बोलण्यासाठी कार्यालयात आला. तो मन मोकळे करीत होता आणि आम्ही मान डोलावत होतो. थोड्या वेळाने आम्ही त्याला विचारलेलाच प्रश्न पुन्हा विचारला. तो क्षणभर गप्प राहिला आणि अदबीने म्हणाला, ‘‘फादर, आज तुम्ही इथं नाही आहात. मी नंतर येतो.’’

त्या तरुणाने चिंतेची केलेली व्याख्या आम्हाला सेमिनरीतील कोणत्याही ग्रंथात आढळली नव्हती. चिंताग्रस्त माणूस जिथे असतो, तिथे नसतो. तो उद्यामध्ये गेलेला असतो. आणि देव तर आपल्याला आज भेटायला येतो. दाराशी देव उभा, आणि घरधनी बाहेरगावी!

त्याच वर्षी जुलै महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वसईवर पाऊस कोसळला. रुळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, वीज गेली, मिठागरांत माणसे अडकून पडली. आमच्या सखल भागातील चाळींत पाणी शिरले. संध्याकाळी युवक संघाची मुले धावत आली आणि सभागृहाच्या किल्ल्या मागू लागली. दार उघडले. चिखलाने माखलेल्या पायांनी माणसे आत येऊ लागली. पोटासाठी दूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे, शेजारच्या वस्तीतील हिंदू-मुसलमान बायाबापड्या, कडेवर पोरे, डोक्यावर बोचकी. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी आमची पहिली नजर गेली ती नव्या लाद्यांवर. हप्ता फिटायच्या आधीच लाद्या खराब होणार, हा विचार आमच्या मनात येऊन गेला. तो बहुधा चेहऱ्यावरही उमटला असावा, कारण दाराशी उभ्या असलेल्या आमच्या धर्मग्रामातील एका म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, ‘‘फादर, लादी काय, उद्या धुऊन निघेल. पोरं भिजलीत ती बघा.’’

त्यानंतरचे दोन दिवस कसे गेले, कळले नाही. अंगणाच्या कोरड्या कोपऱ्यात चुली मांडल्या गेल्या. बायकांनी पेज शिजवली, घराघरांतून सुकी मासळी आणि लोणची आली. सिस्टरांनी औषधांची पेटी उघडली. ज्या मुलांना रविवारच्या मिस्साला उठवण्यासाठी आयांना तीनतीनदा हाका माराव्या लागतात, ती मुले मध्यरात्री छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन येत होती. त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती; एक वेगळेच तेज होते. आम्हीही एका आजारी वृद्धाचे मधुमेहाचे औषध मिळवण्यासाठी कमरेइतक्या पाण्यातून हिंडलो. दुसऱ्या रात्री सभागृहाच्या दाराशी चटई टाकून आडवे झालो आणि कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली. सकाळी कुणाच्या तरी तान्ह्याच्या हसण्याने जाग आली. पडल्यापडल्या आमच्या लक्षात आले, की आम्ही आनंदात आहोत. कर्जाचा एक रुपयाही कमी झालेला नव्हता.

पाणी ओसरले. माणसे आपापल्या घरी गेली. आठवडाभरात आमची चिंताही परत आली. ती न येती तर आम्ही संत झालो असतो. पण या वेळी तिचा स्वभाव आम्हाला कळला होता.

आपल्या मराठीत एक फार अर्थपूर्ण शब्द आहे: काळजी. तो दोन क्रियापदांबरोबर चालतो. काळजी करणे आणि काळजी घेणे. शब्द तोच, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर. काळजी करणारा खुर्चीत बसलेला असतो. काळजी घेणारा उठलेला असतो. काळजी करणाऱ्याच्या मनात ‘माझे काय होणार’ हा प्रश्न असतो. काळजी घेणाऱ्याच्या मनात ‘याला काय हवे आहे’ हा. एक काळजी माणसाला पोखरते, दुसरी त्याला भरून काढते. पुराच्या त्या दोन दिवसांत आमची काळजी नाहीशी झाली नव्हती. तिने फक्त क्रियापद बदलले होते.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतही असेच काही आढळते. डोंगरावरील प्रवचनात प्रभू ज्या चिंतेबद्दल बोलतो, तिच्यासाठी ‘मेरिम्ना’ या नामाशी निगडित क्रियापद आले आहे. तेच क्रियापद प्रभूने मार्थेला उद्देशून वापरले; बऱ्याच गोष्टींच्या व्यापात ती बिचारी दारी आलेल्या पाहुण्यालाच मुकत होती. संत पौल तुरुंगातून फिलिप्पीकरांना पत्र लिहितो. चार अध्यायांच्या त्या लहानशा पत्रात आनंदाचा उल्लेख पुन:पुन्हा येतो. कशाचीही चिंता करू नका, आपल्या मागण्या आभारप्रदर्शनासह देवाला कळवा, असे तो तेथे सांगतो. पण त्याच पत्रात तीमथ्याची शिफारस करताना तो तेच क्रियापद स्तुतीसाठी वापरतो: तुमची खरीखुरी काळजी वाहणारा याच्यासारखा दुसरा नाही! आणि करिंथकरांना आपल्या हालअपेष्टा सांगताना फटके, धोंडमार, गलबते फुटणे हे सारे मोजून झाल्यावर तो सांगतो, की याशिवाय सर्व ख्रिस्तमंडळ्यांची ‘मेरिम्ना’ रोज आमच्या उरावर असतेच.

मग पौलाने स्वतःचेच म्हणणे मोडले काय? नाही. तो स्वतःविषयीची चिंता देवाच्या हाती सोपवून मोकळा झाला होता, म्हणून दुसऱ्यांची काळजी घेण्यासाठी त्याचे दोन्ही हात रिकामे होते. संत पेत्रानेही आपल्या पहिल्या पत्रात आपली सारी चिंता देवावर टाकण्यास सांगितले आणि त्याचे कारण दिले: देव आपली काळजी घेतो. चिंता करायची ती आपण नव्हे. आणि काळजी घेणारा देव स्वस्थ बसलेला नाही.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून आमच्याच काळातील एका धर्मपालाची आठवण देतो. पवित्र वर्ष असलेल्या १९७५ साली, ९ मे रोजी, पोप सहावे पॉल यांनी ख्रिस्ती आनंदावर ‘गाउदेते इन दोमिनो’ हे प्रबोधनपत्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी, व्हिएतनाममध्ये बिशप फ्रान्सिस झेविअर न्गुयेन व्हान थुआन यांना साम्यवादी राजवटीने अटक केली. वय ४७ वर्षे. न्हा त्रांगचे बिशप म्हणून आठ वर्षे त्यांनी जिवापाड कष्ट केले होते आणि सायगावचे सहायक आर्चबिशप म्हणून नुकतीच त्यांची नेमणूक झाली होती. पुढची १३ वर्षे ते बंदिवासात राहिले. त्यांपैकी नऊ वर्षे एकांत कोठडीत.

सुरुवातीला त्यांना सर्वांत अधिक छळले ते पहारेकऱ्यांनी नव्हे, तर चिंतेने. अर्धवट राहिलेली कामे, पोरके झालेले श्रद्धावंत, सेमिनरीतील मुले यांच्या विचाराने त्यांची झोप उडाली. आणि एका रात्री त्यांना अंतर्यामी उमगले, की देव आणि देवाची कामे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही सारी कामे देवाची होती, चांगली होती. पण ती म्हणजे देव नव्हे. त्याने ती काढून घेतली असतील, तर ती कुणाकडून करवून घ्यायची, हे तो पाहील. आपण देवाला निवडायचे. तेव्हापासून, ते पुढे सांगत असत, त्यांना शांती लाभली. सुटकेची वाट पाहत दिवस ढकलायचे नाहीत, तर हातातला हा क्षण प्रेमाने भरायचा, हा त्यांचा निर्धार होता.

तो त्यांनी कसा पाळला? पोटाच्या दुखण्यावर ‘औषध’ पाठवा, असे त्यांनी घरी कळवले. घरच्यांना अर्थ कळला. बाटलीतून द्राक्षारस आला. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. तो तळहात हीच त्यांची वेदी. ज्यांनी कैदेत ठेवले, त्या पहारेकऱ्यांनाच त्यांनी आपले धर्मग्राम मानले. त्यांच्याशी बोलावे, दूरदेशीच्या गोष्टी सांगाव्या, परकी भाषा शिकवाव्या. आधी वरिष्ठ दर पंधरवड्याला पहारेकरी बदलीत, बिशपांच्या सहवासात ते ‘बिघडू’ नयेत म्हणून. पुढे त्यांनी बदल्याच थांबवल्या, कारण तसे करीत राहिले तर सारेच ‘बिघडतील’ अशी धास्ती पडली! हा आनंद आहे, वाचकहो, आणि हीच उत्कटता. कोठडीत असलेल्या माणसापाशी ती असू शकते. मोकळ्या हवेत फिरणाऱ्या आमच्यापाशी नसू शकते. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्यांची सुटका झाली, २००१ साली ते कार्डिनल झाले आणि २००२ साली प्रभूकडे गेले.

आता आपल्या घराकडे वळू. तुमच्या-आमच्या वाट्याला असा बंदिवास आलेला नाही. पण रात्री तीन वाजता छताकडे पाहणाऱ्या माणसाचा एकांत काही कमी नसतो. अशा वेळी आम्हाला उपयोगी पडलेल्या दोन-तीन गोष्टी नम्रपणे सांगतो.

पहिली गोष्ट, चिंतेला नाव देऊन ती प्रार्थनेत आणावी. ‘प्रभो, सारे चांगले कर’ एवढे म्हणून भागत नाही. मुलाच्या कराराची तारीख, कर्जाचा आकडा, डॉक्टरांच्या तपासणीचा दिवस, हे सारे त्याला सांगावे. गेथसेमनी बागेत प्रभूनेही आपली भीती पित्यापासून लपवली नाही. त्याच्या घामाचे थेंब रक्तासारखे भूमीवर पडले. भीती वाटणे म्हणजे पाप नव्हे. आणि त्याच रात्री, भोजनाच्या वेळी, त्याने शिष्यांना आपला आनंद देऊ केला होता, हेही विसरू नये. वेदना आणि आनंद एकाच रात्री, एकाच अंतःकरणात नांदू शकतात.

दुसरी गोष्ट, प्रार्थना संपली की त्या चिंतेतून आज करता येण्याजोगे एक काम काढावे आणि ते करावे. मुलाची चिंता असेल तर त्याला फोन करावा. पण ‘तुझं कसं होणार’ हे विचारण्यासाठी नव्हे, तर त्याचे ऐकून घेण्यासाठी. काही करण्याजोगे नसेलच, तर शेजारच्या घरी काय हवे आहे ते पाहावे. आपल्या चिंतेवरचा उपाय पुष्कळदा दुसऱ्याच्या दाराशी सापडतो.

तिसरी गोष्ट, निजण्यापूर्वी दिवसभरात देवाने दिलेल्या तीन देणग्या आठवून त्याचे आभार मानावे. पौलाने मागणीसोबत आभारप्रदर्शन जोडले आहे, ते उगाच नाही. आभार मानताना मन उद्यातून आजमध्ये परत येते.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काही माणसांची चिंता हा आजार असतो. छाती धडधडते, अन्न जात नाही, आठवडेच्या आठवडे झोप येत नाही, जगणेच नकोसे वाटते. अशा माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे म्हणणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. त्याने डॉक्टरांकडे जावे, घरच्यांनी त्याला सोबत घेऊन जावे. मधुमेहाच्या औषधाला आम्ही अविश्वास म्हणत नाही. मग मनाच्या औषधाला का म्हणावे? त्याच्यासोबत दवाखान्याच्या बाकावर बसून राहणे, हेही काळजी घेणेच आहे.

प्रत्येक मिस्सामध्ये ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ झाल्यावर धर्मगुरू सर्वांच्या वतीने वाईटापासून मुक्ती, शांती आणि सर्व प्रकारच्या अस्वस्थतेपासून संरक्षण मागतो. पूर्वी आम्ही ती प्रार्थना भरभर म्हणून जात असू. आता तेथे क्षणभर थांबतो. समोर बाकांवर बसलेल्या कुटुंबांच्या चहाच्या वेळच्या कहाण्या त्या क्षणी आमच्या डोळ्यांपुढे येतात.

सभागृहाचे कर्ज यथावकाश फिटले. शेवटचा हप्ता कोणत्या दिवशी भरला, ते आज आम्हाला आठवत नाही. ज्या आकड्याने आमच्या इतक्या रात्री खाल्ल्या, तो आकडाही आता नेमका सांगता येणार नाही. त्या रात्री नव्या लाद्यांवर उमटलेली चिखलाची इवलीइवली पावले मात्र लख्ख आठवतात. लाद्या खरोखरच धुऊन निघाल्या.

त्या आजी आता फारशा घराबाहेर पडत नाहीत. यंदा पास्कानंतर घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो, तेव्हा त्या पलंगावर बसून होत्या. चहा झाला, प्रार्थना झाली. त्यांनी आपल्या दुखण्याबद्दल एक शब्द काढला नाही. पावसापूर्वी सभागृहाचे पत्रे पाहून घ्या, एवढेच सांगितले. आम्ही उठलो. दारापर्यंत पोहोचलो तोच मागून त्यांचा आवाज आला, ‘‘फादर, काळजी घ्या.’’

प्रभूही आपल्याला दुसरे काय सांगतो?